पायऱ्यांकडे निघालेला मासा

त्या दिवशी सकाळपासून माझा पाय जमिनीवर ठरत नव्हता. आज कागद सोलायचा होता!

आमचे हे, मैनुद्दीन मिस्त्री, रंगीत काचेच्या तुकड्यांची चित्रं करतात. हडपसरच्या पुढे सुरुचीताईंनी रिसॉर्ट काढलंय. नारळ आणले, केळी लावल्या, झावळ्यांचं छप्पर घातलं आणि पोहण्याच्या तलावाच्या तळाला मासे हवेत म्हणून आम्हाला बोलावलं. आम्हाला म्हणजे यांना. घरी बसून रंग मी निवडते, तुकडे मी कापते, चिकटवते मी; पण गिऱ्हाईक समोर आलं की हे छाती काढून सांगणार, "सगळं माझ्या हातचं." माझा नुसता जळफळाट होतो. या वेळी मी हट्टच धरला. एक मासा आखणीपासून माझा, आणि तो माझा आहे हे तिथं चारचौघांत सांगायचं.

"बघू," म्हणाले. यांचं 'बघू' मी लग्नापासून ऐकतेय.

आमच्या कामाची गंमत अशी, की करताना चित्राची पाठच दिसते. कागदावर चित्र आरशातल्यासारखं उलटं आखायचं, त्यावर तुकडे पालथे चिकटवायचे, तो कागद ओल्या सिमेंटवर उलटा दाबायचा आणि तुकडे धरले गेले की वरचा कागद भिजवून सोलायचा. चित्र तोंड दाखवतं ते तेव्हा. पोर कोणावर गेलंय, हे जन्मल्याशिवाय थोडंच कळतं!

कोरड्या तलावात उतरून यांनी स्पंज फिरवला, कागदाचं टोक धरलं आणि अलगद ओढलं. निळा! काय तो निळा! मग पोपटी, मग केशरी शेपटी. मी टाळ्याच वाजवल्या.

"ओ माय गॉड, काका! सुपर्ब!" सुरुचीताई काठावर नाचायलाच लागल्या.

त्यांच्या आई, मंदाकिनीबाई, छत्री धरून शेजारी उभ्या होत्या. "पुण्याला समुद्र नाही, तेवढंच एक सुख होतं," त्या म्हणाल्या. पण मान वाकवून बघत त्याही होत्या.

कागदामागून कागद निघाले. सगळे मासे तलावाच्या खोल बाजूकडे तोंड करून निघालेले. शेवटी माझा कागद. जांभळं अंग, पिवळे खवले, देखणा! पण माझा मासा उलट्या दिशेला, पायऱ्यांकडे तोंड करून निघाला होता. वेगळ्या कागदावर, एकटीनं आखताना मी चित्र उलटं काढायलाच विसरले होते.

"काका, हा एकटाच राँग साइडनं आलाय का?" सुरुचीताईंनी विचारलं.

"म्हणजे पुण्याचाच दिसतोय," मंदाकिनीबाई म्हणाल्या.

यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "चूक माझी, ताई. सिमेंट अजून कच्चं आहे, आत्ता काढतो." आणि छिन्नी उचलली.

माझं डोकंच फिरलं. "अहो, थांबा! ताई, मासा माझा आहे. आखला मी, कापला मी, चुकले मी. चांगलं तेवढं सगळं यांचं होतंच, आता चूकही यांचीच?"

हे छिन्नी धरून तसेच बसले. मला रडू येत होतं, पण रागही तेवढाच येत होता.

मंदाकिनीबाईंनी छत्री मिटली, साडी सावरली आणि त्या पायऱ्या उतरून आल्या. शेवटच्या पायरीवर थांबून बराच वेळ बघत राहिल्या.

"सुरुची, इथं ये. बाकीचे सगळे मला पाठ दाखवून चाललेत. 'या' म्हणायला हा एवढा एकटाच आलाय."

सुरुचीताई धावत आल्या, आईशेजारी उभ्या राहिल्या आणि हसायला लागल्या. "अय्या, खरंच! काका, हा राहू दे ना? प्लीज?"

यांनी छिन्नी खाली ठेवली. लुंगीला हात पुसले.

"मला काय विचारता, ताई?" हे म्हणाले. "मासा हिच्या हातचा आहे. ही काय, समोर उभी आहे. हिला विचारा."

एवढ्या वर्षांचं भाषण माझं तयार होतं. पण ऐन वेळी तोंडातून दोनच शब्द निघाले.

"राहू द्या," मी म्हणाले. मग सगळ्या रिसॉर्टला ऐकू जाईल अशा आवाजात पुन्हा म्हणाले, "राहू द्या!"