जिभेने ओलं करा आणि चिकटवा

दुपारची डुलकी आटोपून आजोबांनी आतल्या खोलीचं दार ढकललं. कपाट सताड उघडं होतं. जमिनीवर कागदाचा एक निळा घोडा उभा होता. लेक कामावर जाताना सोडून गेलेली सहा वर्षांची नात हात पाठीमागे लपवून भिंतीला चिकटली होती.

आजोबा म्हणजे निवृत्त नकाशाकार. आयुष्यात नाद एकच, मुलांची जुनी चित्रमासिकं. तीही साधीसुधी नव्हेत. फार पूर्वी काही बंडखोर चित्रकारांनी चौकोनी सूर्य, निळे घोडे आणि पानभर तिरक्या धावणाऱ्या ओळी छापून आईबापांची झोप उडवली होती. आईबापांनी वर्गणी बंद केली आणि मासिकाने मान टाकली. प्रत्येक अंकाच्या शेवटच्या पानावर कापून बनवायचं एक खेळणं असे. कडांना वाळलेला गोंद आणि खाली ठसठशीत हुकूम, जिभेने ओलं करा आणि चिकटवा! मुलांनी तो आनंदाने पाळला. त्यामुळे न कापलेली पानं उरली ती फक्त मुलांना धाकात ठेवणाऱ्या घरांत, आणि संग्राहक मंडळी नेमक्या त्याच अंकांवर जीव टाकतात. आजोबांनी असे कपाटभर अंक तळहाताच्या फोडासारखे जपले होते.

"कुठला अंक कापलास?" आजोबा कडाडले.

नातीने नकारार्थी मान हलवली. तिच्या ओठांवर पांढरी भुकटी होती.

ती दिसली मात्र, आजोबांना तो डबा आठवला. कागदाला कसर लागू नये म्हणून गेल्याच महिन्यात त्यांनी स्वतःच्या हाताने पानापानांत कीटकनाशक भुरभुरलं होतं. डब्यावर चांगली ठळक कवटी होती. मुलांच्या मासिकांना विष लावताना या शहाण्या गृहस्थाच्या मनात मूल म्हणून एकदाही आलं नव्हतं.

त्यांनी डबा खिशात कोंबला, नातीला उचललं आणि कोपऱ्यावरचा दवाखाना गाठला. जिना कसा उतरलो, हे त्यांना कळलंच नाही.

डॉक्टरीणबाईंनी आजोबांकडून गोंदाची हकीकत ऐकली, डबा वाचला. मुलीच्या डोळ्यांत बॅटरी मारून पाहिली.

"गोंद चाटलास ना बाळ? एकाच खेळण्याचा, की आणखी?"

"नाही चाटला. पाणी लावलं." तिने आजोबांकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

"खरं सांग गं!" आजोबांचा आवाज चिरकला. "मी कुठे रागावलोय?"

हे ते इतक्या मोठ्यांदा म्हणाले की नर्सने दचकून वळून पाहिलं. पोरीच्या कपाळावर घाम डवरला होता, हनुवटीवरून लाळ गळत होती, तरी तोंडाला कुलूप. ते तिच्यापुढे गुडघे टेकून बसले. "सगळं कपाट फाड, माझे आई, पण बोल!"

"मी नाही केलं," ती हुंदके देत म्हणाली.

"किती पोटात गेलंय ते मला आत्ता कळायला हवं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आजोबा, तुम्ही बाहेर जा."

"अहो, मी तिचा सख्खा—"

"जा म्हणते ना!"

बाहेरच्या बाकावर त्यांना बसवेना. मग दाराआड नातीचा आवाज सुरू झाला, भरभर, न थांबता. शब्द कळत नव्हते. नर्स पळत आली, औषधाच्या बाटल्या घेऊन आत गेली. आजोबा भिंतीला हात टेकून उभे राहिले. आपली लाडकी पोर आपल्याला विषापेक्षा जास्त भिते, हे त्यांना कळत होतं आणि ते सोसवत नव्हतं.

बऱ्याच वेळाने डॉक्टरीणबाई दारात आल्या. "वेळेत बोलली म्हणून बरं. धोका टळलाय. उद्यापर्यंत इथेच ठेवू."

आजोबांना रडू फुटलं. "काय काय चाटलं होतं तिने?"

"ते विचारू नका. आजोबांना सांगणार नाही असा शब्द दिला, तेव्हा कुठे ती बोलली."

आजोबांनी डोळे पुसले. "मी आत येऊ?"

"थांबा," त्या म्हणाल्या. "आधी तिला विचारते."