मी फुटलेली यादी

मी पंधरा शब्दांची यादी बोलते आहे. खरे तर आमच्या जातीला स्वतः बोलण्याची सवय नाही. आम्हाला एकाने वाचावे, दुसऱ्याने आठवावे आणि आम्ही टेबलावर पालथे पडून निमूट ऐकावे, अशी रीत. पण आता मी सेवेतून बाद झाले आहे, आणि निवृत्त माणसांप्रमाणे निवृत्त याद्याही जरा बोलक्या होतात.

माझा जन्म एका समितीच्या बैठकीत झाला. शिडी, लिंबू, ढग, कात्री, बदक… एकेका शब्दावर समिती तासतास भांडली. शब्द सर्वांच्या सारख्याच ओळखीचे हवेत आणि एकाने दुसऱ्याची आठवण करून देता कामा नये. ‘सुई’ घेतली तर लोक ‘दोरा’ आपणच ओवतील, म्हणून सुई गेली. ‘साप’ भित्र्यांवर अन्याय करील, म्हणून सापही गेला. ‘चमचा’ या शब्दाला एक सदस्य हसले म्हणून तोही वगळला, आणि ते सदस्य पुढे बराच वेळ कुणाच्या नजरेला नजर देईनात. उरलेले पंधरा शब्द जाड पुठ्ठ्यावर छापून वर प्लास्टिकचे आवरण चढवले. ती मी.

काम काय, तेही सांगते. काही घरांत विस्मरणाचा एक आजार नाकाडोळ्यांसारखा वारशाने येतो. आईला किंवा वडिलांना असेल तर प्रत्येक मुलाला तो मिळण्याची शक्यता निम्मी. बाहेर काही दिसण्याआधी कित्येक वर्षे तो आत आपले बस्तान बसवत असतो. ती सुरुवात ओळखायची कशी? किल्ल्या काय, निरोगी माणूसही हरवतो. म्हणून मला नेमले.

मला वाचणाऱ्या मॅडम कमालीच्या काटेकोर. सेकंदाला एक शब्द, आवाज सपाट, मान हलवायची नाही, ‘शाब्बास’ म्हणायचे नाही. पाच वेळा मला वाचायचे, पाच वेळा समोरच्याने आठवून सांगायचे. मग अर्धा तास आकडे, चित्रे, ठोकळे यांत त्याला गुंतवायचे आणि अचानक म्हणायचे, “मघाची यादी. जे आठवतंय ते सांगा.” तो अडला की एवढेच, “आणखी काही?” हा प्रश्न त्या इतक्या कोरडेपणाने विचारीत की छतालाही आपण काहीतरी विसरलो आहोत असे वाटावे.

छताचे नाव घेतले, कारण माणसे तिथेच पाहतात. माझे शब्द छताला चिकटवले आहेत, अशी मानवजातीची ठाम समजूत दिसते. एका गृहस्थांनी चष्मा घरी राहिल्याची सबब सांगितली. चाचणी कानांची होती. दारावर पाटी होती, ‘चाचणी चालू आहे, दार वाजवू नये’. रोज कुणीतरी दार वाजवून विचारी, “चाचणी चालू आहे का?”

कुणाच्या रक्तात तो दोष आहे आणि कुणाच्या नाही, हे मॅडमना ठाऊक नसे. तो अहवाल शेजारच्या इमारतीत कुलपात. ठाऊक असले तर कान आपोआप पक्षपात करतात, असे त्यांचे मत. स्वतःच्या कानांवरसुद्धा त्यांचा विश्वास नव्हता, हे मला फार आवडे.

पाच वर्षांपूर्वी एक भाऊ आणि त्याची धाकटी बहीण या अभ्यासात दाखल झाली. त्यांच्या आईला हा आजार अठ्ठेचाळिसाव्या वर्षी सुरू झाला होता. भावाला सगळे घर दादा म्हणे; तो उंच इमारतींच्या बांधकामावर क्रेन चालवी. धाकटी पोहण्याच्या तलावावर शिकवी आणि खोलीतही तलावाच्या काठावरून बोलावे तशी बोले.

संमतिपत्रावर सही करताना दादा थांबला. “मॅडम, ते जनुक माझ्यात आहे की नाही, मला नका सांगू. पण ज्या दिवशी माझं डोकं मागे पडायला लागेल, त्या दिवशी सांगा. माझ्या हुकाखाली माणसं असतात.”

“यासाठी फॉर्मवर रकाना नाही,” मॅडम म्हणाल्या.

“मग करा की.”

मॅडमनी समासात ते वाक्य शब्दशः लिहिले आणि खाली दोघांनी सह्या केल्या. नियमांच्या बाहेर त्यांना गेलेले मी त्या दिवशी प्रथम पाहिले.

आता समितीची चूक सांगते, कारण तिचे खापर माझ्यावर फुटले आहे. दरवर्षी मीच वाचली जाई. वर्षातून एकदा, घटकाभर कानावर पडलेले पंधरा शब्द कोण जपून ठेवतो, असा समितीचा अंदाज होता. समितीत एकालाही भावंडे नसावीत.

पाचव्या वर्षी ती दोघे आपल्या मावसभावालाही गाडीत घालून घेऊन आली. त्याच्या आईलाही हाच आजार. त्याची ही पहिलीच चाचणी. तोंड अखंड चालू म्हणून घरात त्याला रेडिओ म्हणत. दादाची आणि धाकटीची चाचणी उरकली होती. दोघे बाहेर बाकावर बसली आणि रेडिओ खुर्चीत.

मॅडम वाचू लागल्या. “शिडी… लिंबू…”

“ढग,” रेडिओ म्हणाला.

मॅडम थांबल्या. “माझं वाचून झाल्यावर तुम्ही सांगायचं.”

“हो हो, सॉरी. सवय आहे.”

“कसली सवय?”

“अहो, घरी आमची स्पर्धा असते ना! जो अडखळेल त्याने भांडी घासायची. माझी बायको तर झोपेत म्हणते सगळी, आणि ती तुमच्या अभ्यासात नाहीसुद्धा. पोरं दोरीवरच्या उड्या याच्यावर मारतात.” त्याने मॅडमचा चेहरा पाहिला. “म्हणजे… पेपर फुटला की काय?”

“फुटला.”

“सांगायचंत ना, बाहेर बोलू नका म्हणून!”

“पहिल्या पानावर लिहिलंय. खाली तुमची सही आहे.”

“सही केली हो. वाचलं कुठं?”

मॅडमनी या कुटुंबाचे कागद पुढे ओढले. अर्ध्या तासानंतरचे धाकटीचे आकडे पहिल्या वर्षी नऊ, दुसऱ्या वर्षी बारा आणि पुढे सलग पंधरा. “आणि मी हिच्यापुढे ‘असामान्य स्मरणशक्ती’ लिहून बसले,” त्या पुटपुटल्या. मग त्यांनी विचारले, “आणि दादा?”

“दादा? तो तर उस्ताद! चाल त्यानेच लावली. तो टेबलावर ताल धरतो आणि आम्ही म्हणतो.”

“तोही म्हणतो ना?”

“म्हणजे काय! तो तर…” रेडिओचे तोंड उघडेच राहिले. त्याला बंद पडलेले पाहण्याचा योग घरातल्या कुणाला आला नसेल, मला आला. “तो ताल धरतो,” तो पुन्हा म्हणाला, हळू आवाजात.

दादाचे कागद उघडले. आठ, नऊ, नऊ, नऊ, नऊ. त्याच्या वयाच्या तक्त्यात आठ ते अकरा म्हणजे निरोगी. कुठेही घसरण नाही. पाच वर्षे मॅडमनी त्यापुढे ‘स्थिर’ असे लिहिले होते आणि मीही निश्चिंत होते. परक्या माणसाचे नऊ चांगलेच असतात. पण ज्या घरात माझ्यावर दोरीच्या उड्या मारल्या जातात, त्या घरात चाल लावणाऱ्याचे नऊ? तो काही विसरला नव्हता. तो मला शिकलाच नव्हता.

मॅडमचा लगेच विश्वास बसेल तर त्या मॅडम कसल्या! एखादा प्रामाणिक माणूस मुद्दामही शब्द टाळील. त्यांनी दादाला आत बोलावले आणि रेडिओला बाहेर पाठवले.

“घरी तुम्ही शब्द का म्हणत नाही?”

दादा हसला. “रेडिओ लागला वाटतं.”

“प्रश्न माझा आहे.”

“पहिली दोन-तीन वर्षं मुद्दामच म्हणत नव्हतो. म्हटलं, तुमची चाचणी नासायला नको.”

“आणि नंतर?”

“मागच्या वर्षी गाडीत एकटा होतो. म्हटलं, आपणही म्हणून बघू. नऊपर्यंत गेलो. पुढे चाल येते, शब्द येत नाहीत. तेव्हापासून रोज म्हणतो, मॅडम. रोज नऊ. एखाद्या दिवशी आठ.”

“मला का नाही सांगितलंत?”

“तुमचा कागद ठीक म्हणत होता. मला तेच हवं होतं, खरं सांगायचं तर.”

मॅडमनी मला उचलले, पालथे ठेवले, पुन्हा उचलले. “हे पाहा, यावरून काहीही सिद्ध होत नाही. यादी फुटलीय, त्यामुळे तुमच्या घरातले सगळे आकडे बाद. नव्या चाचण्या लागतील, डॉक्टरांची तपासणी लागेल. झोप, औषधं, काळजी, कशानेही असं होऊ शकतं.”

“कागदाचं राहू द्या. माझ्या हुकाखाली तुम्ही उभ्या राहाल?”

ज्या बाईंनी पाच वर्षांत कुणापुढे साधी मान हलवली नव्हती, त्यांनी आता मान हलवली.

“नाही.” आणि क्षणभराने, “तपासणी पूर्ण होईपर्यंत तरी नाही.” अटीवाचून वाक्य संपवणे त्यांना जमतच नाही.

“झालं तर मग.” दादाने तिथूनच फोन लावला. “मुकादम, उद्यापासून वर दुसरा माणूस चढवा… नाही हो, तब्येत ठणठणीत आहे. म्हणूनच उतरतोय.” फोन ठेवल्यावर मात्र त्याचे हात टेबलावर पडून राहिले, तालाविना. “धाकटीला कोण सांगणार?”

“तुम्ही. मी दारात उभी राहते.”

दार अर्धे उघडे होते, म्हणून पुढचे मी ऐकले. आधी दादाचा खाली लावलेला आवाज. मग धाकटी, तलावाच्या काठावरून बोलावे तशीच: “म्हणजे इतकी वर्षं ताल धरून भांडी चुकवलीस! घरी चल, बघते तुला.” आणि लगेच जोरात नाक शिंकरल्याचा आवाज.

पुढे डॉक्टरांच्या तपासणीत जे दिसायचे ते दिसले. सुरुवात आहे, अगदी सुरुवात. दादा आता जमिनीवर उभा राहून नव्या क्रेनचालकांना हातखुणा शिकवतो. त्या त्याच्या दंडात मुरलेल्या आहेत. त्यांना यादी लागत नाही. मुकादम म्हणाला, म्हणे, की इतका तोंडाळ मास्तर परवडत नाही, पण ठेवला आहे.

समितीची तातडीची बैठक झाली. तीत मला ‘नासलेली’ म्हणण्यात आले, हे मला लागले. माझ्या जागी चार नव्या याद्या आल्या आहेत. आळीपाळीने कामावर जातात, नाकासमोर चालतात. माझ्यावर तांबडा शिक्का बसला आणि मी कपाटाच्या खालच्या कप्प्यात आले. इथून मॅडमचा आवाज येतो. तो आजही सपाटच आहे, पण अर्ध्या तासानंतर त्या आता एक प्रश्न जास्त विचारतात, “घरी कधी म्हणून पाहिलंत का? आलं नसेल तर तेही सांगा.”

वाचकहो, कधीकाळी तुम्हीही त्या खुर्चीत बसाल. छताकडे खुशाल पाहा, तिथे काही लिहिलेले नाही. आठवेल ते सांगा. आठवले नाही, तर चष्म्याला पुढे करू नका. “नाही आठवत” एवढे स्वच्छ म्हणा. दादाने आदल्याच वर्षी म्हटले असते, तर त्याच्या हुकाखालची माणसे वर्षभर आधी निर्धास्त झाली असती. सुदैवाने एकालाही खरचटले नाही. सुदैव मोजायची चाचणी मात्र अजून कुणी तयार केलेली नाही.

येते मी.