रस्ता किसतो

कापड विकणारे सगळे एका माळेचे मणी. दोन्ही हातांनी कापड ओढून दाखवतात आणि म्हणतात, बघा, फाटतंय का? अरे गाढवांनो, पडलेल्या माणसाला रस्ता ओढत नाही. किसतो.

ही अक्कल मला ताईच्या कुल्ल्यानं शिकवली. सायकलच्या शर्यतीत ती वळणावर घसरली. मी शिवलेली चकचकीत चड्डी डांबरावर राहिली, सोबत तळहाताएवढी कातडी. तीन आठवडे पालथी झोपली. जखम भरली न भरली तोच पुन्हा सराव! आईनं सायकलचं पुढचं चाक काढलं आणि कपाटात कोंडलं.

आमचं शिवणाचं दुकान. आई बेतते, मी शिवते.

"घसरल्यावरही टिकेल असं कापड दाखवा, मग चाक मागा," आई म्हणाली. "चाळिशीला आली, अजून पोरखेळ!"

"एकोणचाळीस," ताई म्हणाली.

सकाळी पोत्यात ओली वाळू भरली, त्यावर चड्डी चढवली आणि स्कूटरच्या मागे बांधून दुकानामागच्या रिकाम्या रस्त्यावरून फरफटवली. स्कूटर आईच चालवत होती. दुसऱ्या कुणावर तिचा विश्वास नाही.

चकचकीत कापड पहिल्या खांबापर्यंतही पोचलं नाही. दप्तराच्या जाड कापडाची चड्डी मात्र जशीच्या तशी परत आली. पण ताईनं ती आधीच घालून पाहिली होती.

"हिच्यात गुडघा वर येत नाही. त्यापेक्षा पडलेली बरी."

तिसरी मधल्या जाडीची, घट्ट विणीची. दुसऱ्या खांबाशी थांबलो तेव्हा तिच्या चिंध्या लोंबत होत्या.

"संपलं," आई म्हणाली. "आता चाक विसर."

ताईचं तोंड एवढंसं झालं. मी चिंध्या सोडवायला वाकले, तर खाली अस्तर. अख्खं!

कपडा अडकू नये म्हणून दुकानातल्या पुतळ्याला आम्ही आधी गुळगुळीत अस्तर चढवतो. पंधरा वर्षांची सवय. या खेपेला पोत्यालाही माझे हात तेच करून बसले होते.

"लबाडी केलीस," आई गरजली.

"चूक झाली गं. लबाडीला डोकं लागतं."

आईनं दोन्ही कापडं चिमटीत धरून एकमेकांवर सरकवून पाहिली. मग पुन्हा सरकवली.

"वरचं रस्त्याला धरून बसलं आणि आतलं त्याच्याखाली घसरत राहिलं," ती हळूच म्हणाली. "बांध परत. चकचकीतच घे, खाली अस्तर."

आम्ही तीनदा फरफटवलं. वरच्या कापडाची दर वेळी चाळण झाली. अस्तराला तिन्ही फेऱ्यांत मिळून दोन बारीक भोकं.

"खरचटेल," आई म्हणाली.

"खरचटू दे," ताई म्हणाली. "कातडी तर सोलली जाणार नाही."

आईनं खाली बसून दोन्ही भोकांवरून बोट फिरवलं. मग उठली आणि चाक घेऊन आली.

दुपारपर्यंत मी दुहेरी चड्डी शिवली. ताईनं घातली, दोन उठाबशा काढल्या.

"दोन थरांत उकडतंय गं."

"उकडू दे," आई म्हणाली. "उकडलेला बटाटा सालीत तरी राहतो."

ताई खिदळत सायकलवर बसली आणि गेली. आई दारात घुटमळलीसुद्धा नाही. तिनं टेबलावर अस्तराचा तागा उलगडला आणि ताईच्या शर्यतीतल्या मैत्रिणींची मापं मला वहीतून मोठ्यानं वाचायला लावली.