दोन रट्टे

दुरुस्तीची बाबांना एकच रीत माहीत होती: दोन रट्टे. पंखा अडला, दोन रट्टे. मिक्सर रुसला, दोन रट्टे. आईने उलट उत्तर दिलं, तरी तेच. फरक एवढाच, की मिक्सरला नंतर डॉक्टरसमोर "न्हाणीघरात पाय घसरला" असं सांगावं लागत नसे.

या खेपेला आईचा हात प्लास्टरमध्ये होता. थोरली लेक तिला बघायला माहेरी आली, तर बाबांनी तिला दारातच कामाला जुंपलं.

"कॉम्प्युटरला बाहेरून जोडलेली ती हार्ड डिस्क डोकं उठवतेय. ऑफिसात हेच करतेस ना? बघ जरा."

डिस्क घरघरत होती. थोरलीने ती उचलून हातात धरली, तर घरघर बंद. डिस्क धडधाकट होती, तिच्यासोबत पत्र्याचं टेबल थरथरत होतं, एवढंच. खाली नॅपकिनची घडी ठेवली की काम संपलं. पण त्याआधी तिने आत काय आहे ते उघडून पाहिलं.

बैठकीच्या खोलीतलं चित्रण. आईवर नजर ठेवायला बाबांनीच लावलेला कॅमेरा सगळं इमानेइतबारे इथे साठवत होता. पडद्यावर बाबांनी आईचा हात पिरगाळला आणि तिला दाराच्या चौकटीवर आपटलं. थोरलीने चित्र तिथेच थांबवलं.

आई पोलिसांपुढे तोंड उघडणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. पुरावा एवढाच. तिने पेनड्राइव्ह लावून कॉपी सुरू केली आणि डिस्क मुद्दाम पत्र्यावरच ठेवली. आवाज येतोय तोवर दुरुस्ती चाललीय, असं बाबांना वाटू दे.

या घरात वाढलेल्या पोरीने ही चूक करायला नको होती.

"अजून बोंबलतंय का ते!" बाबा तरातरा आत आले.

"बाबा, चालू डिस्कला हात नका..."

दोन रट्टे. पहिल्याला आत काहीतरी खरवडलं, दुसऱ्याला टकटक झाली आणि सगळं गप्प. मग बाबांची नजर पडद्यावर गेली. तिथे आई चौकटीपाशी पडलेली होती.

त्यांनी थोरलीचे केस धरले आणि तिचं तोंड टेबलावर आपटलं. ओठ फुटला. रक्त हनुवटीवर ओघळलं. त्यांनी पुन्हा हात उगारला आणि तसेच गुडघ्यांवर कोसळले. मागे आई उभी होती. तिने प्लास्टरचा हात परत उचलला आणि दुसऱ्यांदा हाणला. प्लास्टरला उभी चीर गेली.

"माझ्या लेकीवर नाही," ती धापा टाकत म्हणाली.

बाबा डोकं धरून कण्हत पडले.

"सगळं गेलं गं, आई," पेनड्राइव्ह उपटताना थोरलीला रडू फुटलं. "एकही फाइल पुरी उतरली नाही."

आई वेदनेने घामाघूम झाली होती. तिने पायात चपला सरकवल्या.

"जाऊ दे ती डिस्क. तिच्यात होतं ते सगळं माझ्या अंगावर आहे. चल, चौकीत मीच सांगते."