जमीन ऐकणारा माणूस

दोनशे माणसं श्वास रोखून उभी होती आणि भूमीदादा मोकळ्या जागेत पालथे पडून जमिनीला कान लावून ऐकत होते. अंगात पांढराशुभ्र सदरा, हातात तांब्याची वाकडी तार. मिनिट गेलं, दोन मिनिटं गेली. मागे कुणाला खोकला आला, तर दादांच्या चेल्याने असे डोळे वटारले की त्या बिचाऱ्याने खोकला गिळूनच टाकला.

मग तार थरथरली. भूमीदादा उठून बसले. डोळे मिटलेलेच.

"भट्टी," ते म्हणाले. "चुन्याची भट्टी. दोन तोंडांची. विझून जमाना झाला, पण जमिनीला अजून चटके बसताहेत रे लेकरांनो!"

"होती! खरंच होती!" गर्दीतला एक म्हातारा गवंडी ओरडला. "माझ्या बापाने इथूनच चुना नेलाय!"

झालं! लोकांनी तोंडात बोटं घातली. सकाळपासूनचा हा तिसरा चमत्कार. त्याआधी दादांनी एक बुजलेला हौद सांगितला होता आणि त्याच्याही आधी पडलेल्या गोदामाचा पाया. परगावचा माणूस, चार दिवसांपूर्वी पहिल्यांदा इथे पाऊल टाकलेला. त्याला हे कळावं कसं? गर्दीच्या कडेला उभ्या असलेल्या नकाशेबाईही मनातल्या मनात हेच विचारत होत्या.

नकाशेबाई म्हणजे नगरपालिकेच्या नकाशा विभागातल्या बाई. विभाग कसला, एक खोली, एक तिरकं टेबल, लांबलचक कप्प्यांची चार कपाटं आणि त्या स्वतः. कुठे घर, कुठे दुकान, कुठे कारखाना, कुठे पडीक, हे सांगणारा जमीन-वापराचा नकाशा अठरा वर्षांपूर्वी त्यांनीच काढला होता. तो आता जुना झाला होता. नवी पाहणी झाल्याशिवाय पाण्याची नवी लाइन मिळणार नाही असं वरून पत्र आलं आणि हे काम कुणाकडून करून घ्यायचं याची चर्चा सुरू झाली. मोजणी करणाऱ्या दोन कंपन्या म्हणाल्या, आठ महिने. भूमीदादा म्हणाले, अकरा दिवस.

"यंत्रं नकोत, माणसं नकोत, दारोदार हिंडणं नको," त्यांनी नगराध्यक्षांना सांगितलं. "तुम्ही लोकांना विचारता, साहेब. लोक खोटं बोलतात. मी जमिनीला विचारतो."

नगराध्यक्षांना घाई होती, त्यामुळे हे वाक्य त्यांना फारच आवडलं. शुक्रवारच्या सभेत ठराव व्हायचा होता आणि कामाचा आदेश तयार करायचा होता नकाशेबाईंनी.

आता तुम्ही म्हणाल, बाई शिकलेल्या, सारा जन्म फूटपट्टी हातात धरून गेलेला. त्या कशाला असल्या थापांना भुलतील? पण ऐका तर खरं. दुसऱ्या दिवशी दादा नकाशाच्या खोलीत आले, दारातच थबकले आणि हळूच म्हणाले, "ताई, इथे कुणीतरी आहे. डावा पाय जरा ओढत चालतंय. चालता चालता मोठ्याने आकडे मोजतंय."

बाईंनी उठून त्यांना खुर्ची दिली.

डावा पाय ओढत चालायचे ते त्यांचे यजमान. नगरपालिकेचे मोजणीदार. ते मोजायचे आणि बाई काढायच्या, असा तो संसार. चार वर्षांपूर्वी ते गेले. सुरुवातीला लोक भेटायला आले, मग येईनासे झाले. कचेरीत तर त्यांचं नावच कुणी काढत नसे, बाईंना वाईट वाटेल म्हणून. या चांगुलपणाने बाईंचा जीव घुसमटायचा. घरी गेल्या की आधी रेडिओ लावायच्या, निदान कुणाचा तरी आवाज हवा. स्वयंपाक एकीपुरता करायच्या, तोही उरायचा. आणि आज एक परका माणूस येऊन त्यांच्या माणसाबद्दल बोलत होता! बाई एकट्या होत्या, फार एकट्या होत्या, आणि ते दादांनी दारातूनच हेरलं.

बाई सलग तीन संध्याकाळी दादांच्या मुक्कामी गेल्या.

"काय म्हणतात ते?" बाई विचारायच्या.

"म्हणतात, तू वेळेवर जेवत नाहीस."

बाईंचे डोळे भरून यायचे. एकट्या राहणाऱ्या कुणालाही हे सांगून बघा, दहातल्या नऊ वेळा खरं निघेल. पण त्या घडीला एवढं कुणाला सुचतं?

"अजून काय म्हणतात?"

"म्हणतात, आता दगदग पुरे. तो आदेश तयार कर आणि मोकळी हो."

मेलेल्या माणसाला नगरपालिकेच्या आदेशाची केवढी ती काळजी! बाईंनाही हे जरा खटकलं. पण त्यांनी ते कानाआड केलं, कारण उद्या परत यायचं होतं.

गुरुवारी सकाळी इस्त्रीवाली तरातरा कचेरीत आली. नाल्याकाठी एक्केचाळीस घरांची ओळ होती, त्यातलं एक तिचं. दादांनी नमुना म्हणून एका प्रभागाचा नकाशा करून दिला होता आणि तो बाहेर फलकावर लावला होता.

"बाई, आम्ही पडीक?"

"म्हणजे काय झालं?"

"फलकावर बघा की! नाल्याकाठी सगळी पडीक जमीन दाखवलीय. माझ्या घरात दोन इस्त्र्या, तीन पोरं आणि एक सासू आहे. सासू दिवसभर बोलते. तिचा आवाज नाही आला होय तुमच्या दादांना?"

बाईंना हसू आलं, पण गोष्ट हसण्यासारखी नव्हती. नकाशावर पडीक लिहिलं की पाण्याची लाइन येणार नाही, आणि पडीक जमीन उद्या कुणालाही देता येते. एक्केचाळीस घरं रस्त्यावर येणार. त्यांनी तडक जाऊन दादांना गाठलं.

"घरं डोळ्यांना दिसतात, ताई," दादा गोड हसले. "जमिनीने ती अजून मानलेली नाहीत."

बाई परत येऊन फलकासमोर उभ्या राहिल्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांनी नकाशेवालीच्या नजरेने बघितलं. नाल्याकाठची घरं फार तर तेरा वर्षांची. त्याआधी तिथे खरोखरच पडीक होतं. आणि इस्त्रीवाली जिथे कपडे वाळत घालायची, त्या मैदानात एक छोटंसं वर्तुळ काढून दादांनी शेजारी लिहिलं होतं : बुजलेली विहीर, पाण्याचा आवाज स्पष्ट.

त्या मैदानात विहीर कधीच नव्हती.

अठरा वर्षांपूर्वी यजमान त्याच मैदानाची मोजणी करत होते. ऊन मरणाचं. चहा पिता पिता एक थेंब मोजणीच्या कागदावर पडला आणि वाळला. चहाचा थेंब वाळला की कडेला गडद होतो आणि मधे फिका राहतो. बाईंनी टेबलावर नक्कल काढताना ते वर्तुळ विहीर समजून शाईने गिरवलं. नकाशा छापला, शिक्का बसला, सगळं झालं. महिन्याभराने यजमानांच्या लक्षात आलं आणि ते डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. "वा! माझ्या चहाला तू नगरपालिकेची मान्यता मिळवून दिलीस!" तेव्हापासून घरात चहा टाकताना दोघांपैकी कुणीतरी म्हणायचंच, "विहिरीवर जाऊन येते," "विहिरीवर जाऊन येतो." चूक दुरुस्त करायला हवी होती. बाईंना लाज वाटली, त्यांनी नाही केली. ही गोष्ट जगात दोघांनाच माहीत होती.

म्हणजे दादांनी जमिनीला कान लावला नव्हता. त्यांनी जुन्या नकाशाला डोळा लावला होता, चुकीसकट. हे कळायला बाईंना क्षणही लागला नाही. दुसरी गोष्ट मात्र हळूहळू कळली, आणि ती फार लागली. तीन संध्याकाळी यजमान खरंच या माणसाशी बोलत असते, तर पहिल्यांदा त्यांनी विहिरीचीच गोष्ट सांगितली असती. हसत हसत सांगितली असती. तिथे कुणी बोलत नव्हतं. कुणी नव्हतंच.

बाईंनी नकाशाच्या खोलीचं दार आतून लावलं आणि ओक्साबोक्शी रडल्या. गप्प बसल्या असत्या तर दादा राहिले असते, आणि दादांबरोबर तो आवाजही. बोलल्या की आवाज जाणार होता. त्यांचा माणूस त्या दुपारी दुसऱ्यांदा गेला.

शुक्रवारी सभेला ही गर्दी. नगराध्यक्षांनी ठरावाचा कागद पुढे ओढला, तेवढ्यात नकाशेबाई उठल्या.

"साहेब, आदेश देण्याआधी एक छोटी परीक्षा घेऊ. दादांनी समोरच्या बागेत फक्त पाणी शोधायचं."

"एवढंच?" दादा म्हणाले. "चला!"

सगळी सभा बागेत आली. दादांनी तार धरली, हिरवळीच्या मधोमध पालथे पडले, कान लावला. लोक एकमेकांकडे बघायला लागले. कुणी तोंडावर हात धरला.

"कोरडी," दादांनी निकाल दिला. "ठणठणीत कोरडी. इथे पाणी नाही, कधी नव्हतं."

"अहो दादा," नगरपालिकेचा पाणीवाला न राहवून ओरडला, "चाळीस हजार लिटरवर झोपलायत तुम्ही!"

सहा वर्षांपूर्वी त्या हिरवळीखाली मोठी टाकी बांधली होती. गावाला माहीत होतं. जुन्या नकाशाला कुठून माहीत असणार? पाणीवाल्याने कोपऱ्यातलं लोखंडी झाकण उचललं. आत पाणी चमकलं आणि बाहेर हशा फुटला.

दादा डगमगले नाहीत हं! "बांधलेलं पाणी मुकं असतं," ते गंभीरपणे म्हणाले. दोन-चार जणांनी मानाही डोलावल्या. असतात अशीही माणसं.

मग बाईंनी मोजणीचा मूळ कागद उघडला. "हा डाग बघा. चहाचा आहे. मी तो विहीर म्हणून काढला. माझी चूक, अठरा वर्षं लपवलेली. आता दादांचा नकाशा बघा. त्याच जागी तीच विहीर, वर पाण्याचा आवाज. भट्टी, हौद, गोदाम, सगळं माझ्या नकाशात आहे. नाल्याकाठची घरं नाहीत, म्हणून दादांच्या जमिनीने ती मानली नाहीत!"

दादांनी शेवटचा पत्ता टाकला. आवाज खाली आणून ते म्हणाले, "ताई, तुमचे यजमान माझ्या शेजारी उभे आहेत. त्यांना फार दुःख होतंय."

"विचारा त्यांना," त्या म्हणाल्या, "आमच्या घरात चहाला काय म्हणायचे."

दादांनी तार सदऱ्याच्या खिशात घातली.

"चार वर्षांत माझ्याशी त्यांच्याबद्दल कुणी बोललं नाही," बाई म्हणाल्या. "तुम्ही बोललात, म्हणून मी तीनदा आले. मला बरं वाटलं. खोटं होतं, तरी बरं वाटलं. याचीच लाज वाटतेय."

तेव्हा मागून नगरपालिकेचे रेकॉर्डवाले काका उठले. मान खाली. "नकाशाच्या नकला मीच दिल्या," ते पुटपुटले. "यांचा चेला दीड महिन्यापूर्वी दोन दिवस येऊन बसला होता. नोंदवहीत सही आहे त्याची. नकला निघेपर्यंत गप्पा झाल्या. मोजणीदारांचा पाय, ते मोठ्याने मोजणं... मी आपलं सहज बोललो हो, बाई. आठवण आली म्हणून."

चेला केव्हाच पसार झाला होता. दादाही निघाले, पांढऱ्या सदऱ्याला हिरवळीचा डाग घेऊन. त्यांच्या मागे धावणाऱ्या दोघांना बाईंनी थांबवलं.

"मारामारी नको. आपण फसलो, कारण आपल्याला कष्टाशिवाय उत्तर हवं होतं. साहेबांना अकरा दिवसांत, मला तीन संध्याकाळींत. जमीन बोलत नाही. तार हलते ती हाताने. कुठे कोण राहतं ते कळायला दार वाजवावं लागतं, विचारावं लागतं, मोजावं लागतं, चुकलं तर चारचौघांत खोडावं लागतं. याला आठ महिने लागतात. लागू द्या."

काम कंपनीला गेलं. बाईंनी आदेश स्वतः लिहिला, पहिलीच अट घातली की प्रत्येक दार वाजवायचं. आपल्या घराचा अर्ज आपण भरायचा नाही, ही दुसरी. नगरपालिकेच्या माणसांनाही फिरायला लावलं. नाल्याकाठी एक्केचाळीस वेळा "राहतं घर" लिहिलं गेलं, आणि इस्त्रीवालीच्या सासूने अर्ज भरणाऱ्याला दोन तास उठू दिलं नाही.

एका दुपारी नकाशेबाईंच्या दारावर थाप पडली. रेकॉर्डवाले काका, हातात अर्ज.

"नियम म्हणजे नियम," ते अवघडून म्हणाले. "जागेचा वापर?"

"राहतं घर."

"राहणारी माणसं?"

उत्तर काकांना माहीत होतं, तरी विचारणं भाग होतं. बाईंनी रेडिओ बंद केला. चार वर्षं जे तोंडातून निघत नव्हतं, ते त्यांनी सरळ सांगितलं.

"एक."

काकांनी लिहिलं. पेनाचं टोपण लावलं, पण उठले नाहीत. उठावं की बसावं, त्यांना कळेना.

"काका," बाई म्हणाल्या, "त्या चेल्याला तुम्ही यांच्याबद्दल जे जे सांगितलंत ना, ते मला सांगा. सगळं सांगा. मला कुणी सांगतच नाही हो."