मी बॅकस्पेस, मुक्काम गुणवत्ता विभाग

मी बॅकस्पेस बोलतोय. कीबोर्डच्या उजव्या अंगाला, वरच्या बाजूला, डावीकडे तोंड करून बसलेला बाण म्हणजे मी. माझ्या वाट्याला एकही अक्षर आलं नाही. भावंडांना अक्षरं मिळाली, काहींना आकडे मिळाले. मला सांगितलं, तू फक्त मागे जायचं. तेव्हापासून जातोय.

साच्यातून बाहेर पडलो तेव्हा काळाकुळकुळीत होतो. आधी हिशेबखात्यातल्या काकांकडे लागलो. काका दर सोमवारी सकाळी इंग्रजीत राजीनामा लिहायचे. भाषा फार उत्तम. चहा आला की मला दाबून धरायचे. इकडे कप रिकामा, तिकडे राजीनामा रिकामा. पुढे ते रीतसर निवृत्त झाले. निरोपाच्या भाषणात तिथले साहेब म्हणाले, काकांनी कधी तक्रार म्हणून केली नाही. तक्रारी सगळ्या माझ्याकडे जमा होत्या.

मग गुणवत्ता विभागातल्या ताईंच्या टेबलावर आलो. कारखाना घडीच्या शिड्यांचा. शिडी उघडली की बिजागरीपाशी एक खिटी बसते. चढणाऱ्याचा जीव त्या खिटीवर. ताई शिडीला वाळूची पोती टांगतात, खिटी टिकली तर शिक्का मारतात.

ऑफिसातलं इंग्रजी दोनदा लिहिलं जातं, हे मी इथेच शिकलो. आधी मनातलं, मग पाठवायचं. मधे मी. 'तिसऱ्यांदा विचारतेय, झोपलात का?' हे माझ्या पोटात जातं आणि त्या जागी 'जेंटल रिमाइंडर' येतं. 'आधीचा मेल वाचायचे कष्ट घेतले असते तर' याचं 'अ‍ॅज पर माय लास्ट मेल' होतं. माझी तक्रार नाही. त्यामुळे बऱ्याच जणांच्या नोकऱ्या टिकल्या आहेत.

शेजारच्या टेबलावर 'काइंडली' बसतो. खरं नाव पगारपत्रकावर असेल. ऑफिस इंग्रजीचा क्लास केल्यापासून तो सगळ्यांचे मेल तपासून, त्यांत 'काइंडली' घालून देतो. विचारावं लागत नाही.

एके दिवशी सकाळी नव्या मालातल्या शिड्यांची खिटी अर्ध्या वजनालाच सुटायला लागली. एक सुटली, दुसरी सुटली, तिसरीचं पोतं ताईंच्या पायाशी धपकन पडलं. तो माल संध्याकाळच्या ट्रकने जायचा होता. ट्रक थांबवायचा अधिकार मुख्य कचेरीतल्या साहेबांचा. ते परक्या देशातले, त्यांना आपली भाषा येत नाही, आणि तोंडी निरोपावर ते काहीही थांबवत नाहीत. मेल हवा.

ताईंनी इंग्रजीत सरळ लिहिलं, खिटी सुटतेय, माल पाठवू नका.

"अहो ताई, हे काय!" काइंडली त्यांच्या मानेपाशी येऊन म्हणाला. "साहेबांना 'नका' म्हणता?"

"मग काय म्हणू? शिडी पडतेय."

"पडतेय कशाला म्हणायचं? 'सम ऑब्झर्वेशन्स' म्हणायचं. वाचणारा घाबरत नाही."

"घाबरायलाच हवाय ना!"

"बघा बुवा. गेल्या वर्षी तुमचा मेल उद्धट वाटला आणि बढती हुकली. यंदाची यादी लागायचीय अजून."

ताईंचं बोट माझ्यावर आलं. मी माझं काम केलं.

नवा मेल असा झाला: 'काइंडली नोट दॅट सम मायनर ऑब्झर्वेशन्स हॅव बीन मेड रिगार्डिंग द लॉक. यू आर रिक्वेस्टेड टू काइंडली डू द नीडफुल अ‍ॅट युवर अर्लिएस्ट कन्व्हीनियन्स.' भिंतीवरचं चित्र पाहावं तसा काइंडली दोन पावलं मागे सरून पाहत राहिला. "याला म्हणतात मेल," तो म्हणाला.

जेवणाच्या सुट्टीनंतर उत्तर आलं: 'नोटेड विथ थँक्स.'

"बघा!" काइंडली म्हणाला.

"काय बघू? तू खिडकीतून खाली बघ."

खाली ट्रकमध्ये शिड्या चढत होत्या.

"थांबवतील, ताई. आपण 'त्यांच्या सोयीने' असं लिहिलंय."

"आणि पडेल त्याच्या सोयीचं काय?"

यावर क्लासात काही शिकवलेलं नसावं.

ताईंनी खुर्ची पुढे ओढली. 'स्टॉप द ट्रक. द लॉक ओपन्स. पीपल विल फॉल.' एवढं लिहिलं आणि बोट सवयीने माझ्यावर येऊन टेकलं. दाबलं मात्र नाही. बोटात अजून बढती अडकली होती; इतकी बोटं अंगावर घेतल्यावर एवढं कळतं. मी तयार होतो, माझा काय, स्प्रिंगचा स्वभाव. पण बोट उचललं गेलं आणि मेल सुटला.

"अहो, 'डिअर सर' राहिलं!"

"राहू दे. ट्रक तरी राहील."

थोड्या वेळाने फाटकावरचा फोन वाजला आणि ट्रकचं इंजिन बंद झालं. "चढवा म्हणतात, उतरवा म्हणतात, ठरवा की एकदा!" असं ओरडत हमालांनी शिड्या खाली घ्यायला सुरुवात केली. ताईंनी पाण्याची बाटली अख्खी संपवली.

मग साहेबांचा मेल आला. हे सकाळीच का नाही सांगितलंत, असं त्यांनी विचारलं होतं.

"याचं उत्तर जपून द्यायला हवं," काइंडली खुर्ची ओढत म्हणाला. "मी सांगतो, तुम्ही लिहा. 'विथ ड्यू रिस्पेक्ट...'"

"तू बस," ताई म्हणाल्या, आणि स्वतःच लिहिलं: 'आय डिड. पोलाइटली.'

त्यावर अजून उत्तर नाही. बढतीची यादीही लागलेली नाही. ताई रोज पोती टांगतात. माझा बाण आता पुसट झालाय, दाबल्यावर थोडा कुरकुरतो.

जाता जाता एक विनंती. राग असेल, टोमणा असेल, सोमवारचा राजीनामा असेल, खुशाल माझ्या हवाली करा. पण ज्या वाक्यावर कुणाचा जीव टांगलाय, ते लिहून झाल्यावर बोट माझ्यापासून लांब ठेवा. मी वाचतो सगळं. पण दाबलंत की पुसतो.