मलायाचा बेत

पुण्याची ती दोन पोरं मलायाला जायचं ठरवत होती, आणि ठरवायला त्यांना आमच्या कान्हूमामाचीच पडवी सापडली. याचा मला आजही राग येतो. ठरवायला पुण्यात काय जागा कमी होत्या?

आमची वाडी लोहगडाच्या मागच्या अंगाला, पवनेच्या खोऱ्याकडं तोंड करून बसलेली. घरं थोडी, सगळी डोंगरी कोळ्यांची. दाबके आणि थत्ते हे दोघं कॉलेजात शिकायचे. शनिवारी मळवलीला उतरायचे, गड चढायचे आणि रात्रीला मामाकडं मुक्काम टाकायचे. मामा त्यांना वाटा दाखवायचा, घरातल्या बायका पिठलं-भाकरी करून घालायच्या. मी जानू, कान्हूमामाच्या बहिणीचा मुलगा. तेव्हा लोणावळ्याच्या रेल्वे यार्डात खलाशी, म्हणजे साधा कामगार होतो आणि सुट्टी मिळाली की आजोळी यायचो. रेल्वेत राहून माझी भाषा सुधारली, स्वभाव मात्र वाडीचाच राहिला.

साल अठ्ठावन्न असेल. जो तो इंग्लंड-अमेरिकेला जातो, आपण जिथं कोणी जात नाही तिथं जायचं आणि तेही अगदी फुटकळ खर्चात, असं दाबक्याच्या डोक्यात आलं. नकाशात त्याला मलाया सापडला. बारमाही पाऊस, रबराची झाडं, जंगल, समुद्र. थर्ड क्लासनं मद्रास गाठायचं, तिथून आगबोट. बोटीत खोली घ्यायची नाही, डेकवर वळकटी पसरायची. तांदूळ, डाळ, स्टोव्ह बरोबर. मुक्काम देवळात, गुरुद्वारात, नाहीतर एखाद्या शाळेच्या व्हरांड्यात. देहूरोडला लष्कराचं जुनं सामान लिलावात निघायचं, तिथून दोघांनी पाठीवरच्या सॅक आणल्या आणि त्यात दगड भरून गड चढून बघितला. सॅकमध्ये किती चड्ड्या न्यायच्या यावरून दोघं एकदा जेवण होईस्तोवर भांडले. बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी, दुसरं काय!

आम्ही ऐकत बसायचो. वाडीला तेवढीच करमणूक. पण मलाया हे नाव त्या घरात नवं नव्हतं.

कान्हूमामाचा थोरला भाऊ कोंडूमामा एकेचाळीस साली लष्करात खेचरं हाकायला गेला. त्याची पलटण मलायात उतरली एवढंच शेवटचं कळलं. मग तिथं जपानी आले. लढाई संपली, औंढ्याचा एक गडी काठी टेकत परत आला, कोंडूमामा आला नाही. सरकारनं बेपत्ता म्हणून कळवलं आणि हात झटकले. मागं राहिली त्याची बायको, गंगीमामी. लग्नाला दोन वर्षंसुद्धा झाली नव्हती आणि पदरी मूल नव्हतं.

आमच्यात बेपत्ता माणसाची बारा वर्षं वाट बघतात. मग पळसाच्या पानांचा पुतळा करायचा, भावानं त्याला अग्नी द्यायचा आणि दहावं करायचं. तेव्हा कुठं त्याची बायको विधवा ठरते. विधवेचा आमच्यात पाट लागतो, तिला दुसरं घर करता येतं. पण पुतळा जळेपर्यंत ती त्याचीच बायको. बारा वर्षं कधीच सरली होती, तरी कान्हूमामाचा हात धजत नव्हता. पुढच्या साली बघू, म्हणायचा. भावावर त्याचा जीव होता, हे खरंच. पण त्या जिवाची किंमत मामी देत होती, हे त्याच्या कधी ध्यानातच आलं नाही.

मग तुंग गडाखालच्या वाडीतला सोपान तिला मागायला आला. त्याची बायको वारलेली, दोन पोरी लहान. गडी बोलका नव्हे, पण पंचांपुढं सरळ म्हणाला, "कामाला बाई पायजे म्हनून मागत न्हाई. मला ती आवडती." म्हातारे पंच खाली मान घालून हसले. मामी आत जात्यापाशी बसली होती. तिनं ते ऐकलं असणार, कारण जातं थांबलं होतं.

त्यानंतर एकदा मी परत निघालो असताना ती वाटेपर्यंत आली. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर तिनं विचारलं, सोपानच्या घराचं दार कुठल्या अंगाला आहे? मी म्हटलं, उगवतीला. "मंग सकाळचं ऊन येत आसंल," ती म्हणाली आणि मागं वळली. इतक्या वर्षांत तिनं स्वतःसाठी काही विचारलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. मला फार बरं वाटलं. पंचांनी मामाला गळ घातली आणि दिवाळीनंतर पुतळा जाळायचं ठरलं. पळसाची पानं मामीनं स्वतः रानातून आणून ठेवली.

आणि त्यातच हा मलाया उपटला.

मामानं त्या पोरांना भावाची सगळी हकिकत सांगितली. ती ऐकून त्यांना वाईट वाटलं, नाही असं नाही. दाबके म्हणाला, "अरे, मग तूच चल ना आमच्याबरोबर. तुझ्या भावाला आपण शोधून काढू." घरी कोणी आलं की जेवून जा म्हणतो, तसं तो म्हणाला. मामा उठून आत गेला. देव्हाऱ्यापुढं सुपारी ठेवली, हात जोडले, तिथंच अडकित्त्यानं फोडली आणि दोघांच्या हातावर एकेक खांड ठेवलं.

आमच्याकडं देवापुढं फोडलेली सुपारी खाल्ली की शब्द दिला. सोयरीक ठरते ती तशीच, शेत वाट्यानं दिलं जातं ते तसंच. खाऊन मागं सरलेल्या माणसाला पंगतीला कोणी बोलवत नाही. थत्त्यानं ती जेवणानंतरची म्हणून चघळली. दाबक्यानं आणखी एक खांड मागून घेतलं. मामाचे डोळे भरून आले होते.

दुसऱ्या दिवशी त्यानं पंचांना सांगून टाकलं, पुतळा जाळायचा नाही. "मानसं समिंदरापार चाललीत दादाला हुडकाय, आन् मी हितं त्याला जाळू?" मामीनं तेवढं विचारलं, "भावजी, आन् न्हाई घावला तर?"

"मंग आल्या पावली जाळतो, वैनी. देवाशप्पत."

सोपानला निरोप गेला. त्यानं थांबायचं कबूल केलं. पळसाची पानं वाळून चुलीत गेली.

तो हिवाळा मामानं मलायाच्या नादात घालवला. कोळशाच्या भट्टीवर जायचं सोडलं, कारण कधी निघावं लागेल नेम नाही. लोणावळ्याला येऊन फेटा बांधून फोटो काढला आणि पासपोर्टासाठी म्हणून दाबक्याच्या हवाली केला. औंढ्याच्या त्या परत आलेल्या शिपायाकडं जाऊन तिकडं पाण्याला काय म्हणतात, भाताला काय म्हणतात हे शिकून आला आणि वाडीतल्या पोरांना शिकवू लागला. मी एकदा म्हणालो, मामा, ही कॉलेजची पोरं आहेत, त्यांचं बोलणं फार मनावर घेऊ नये. त्यानं माझ्याकडं असं बघितलं की मीच खजील झालो.

पोरं त्या हिवाळ्यात दोनदा आली. तीच बोट, तोच डेक, त्याच सॅक. मग यायची बंद झाली. फाल्गुन गेला, चैत्र गेला. मामा मळवलीच्या गाडीवर जाऊन उभा राहायचा आणि एकटाच परत यायचा. शेवटी त्याचं त्यानंच ठरवलं की पोरं पुढं गेली. आपला कागद झाला नसणार, बोट थांबत नाही, म्हणून आपल्याला सोडून गेली. पण गेली मात्र नक्की. सुपारी खाल्लेला माणूस जाणार नाही, हे त्याच्या डोक्यात शिरायलाच जागा नव्हती. अख्ख्या वाडीच्या डोक्यात नव्हती, मग त्या एकट्याला काय बोल लावायचा?

वैशाखात दाबके मला लोणावळ्याच्या फलाटावर दिसला. घरची मंडळी बरोबर होती, हातात चिक्कीचे पुडे. मी जाऊन विचारलं, मलायाचं काय झालं? तो गोड हसला. म्हणाला, "छे रे, थत्त्याला नोकरी लागली. माझंही परीक्षेचं आहे. बघू पुढं कधीतरी. खरं सांगू, जाण्यापेक्षा ठरवण्यातच जास्त मजा असते." गाडी सुटायची होती म्हणून माझ्या खांद्यावर थोपटून तो डब्यात चढला.

मी त्याच आठवड्यात वाडी गाठली आणि मामाला सांगितलं. तो भडकला. "इंजनाच्या धुरानं डोळं गेल्यात तुजं. दुसराच कुनी आसंल." मी शपथ घेतली, तर म्हणाला, दादाचा शोध लागू नये असं तुला का वाटतं?

दसरा झाला आणि दाबके आला. बरोबर नवेच चार मित्र, त्यांना लोहगड दाखवायचा होता. वाडीत ओरड उठली की मलायाचा पाहुणा आला. हातातली कामं टाकून माणसं मामाच्या अंगणात जमली. मी त्या दिवशी तिथंच होतो. मामानं त्याच्या पायावर पाणी घातलं, घोंगडी अंथरली, गूळ-पाणी दिलं. दाबक्याला आधी काही कळेना, नुसता हसत होता. मग मामा त्याच्यासमोर उकिडवा बसला. "आमाला सोडून गेला त्याचं काय न्हाई. कागुद झाला नसंल. पन भेटला का आमचा दादा?"

दाबक्यानं एकदा माझ्याकडं बघितलं. मग सगळ्या माणसांकडं बघितलं, मामाच्या तोंडाकडं बघितलं. गेलो नाही, एवढं म्हणायला किती वेळ लागतो? पण नवे मित्र समोर, आणि इतकी माणसं डोळे लावून बसलेली. त्याचं तोंड उतरलं आणि मग एकदम उजळलं, आणि मला तेव्हाच कळलं की हा आता खोटं बोलणार.

"भेटला," तो म्हणाला. "बरा आहे. तिकडं रबराच्या मळ्यात असतो. म्हणाला, गंगीला सांगा, मी येईन."

मामा मोठ्यानं रडायला लागला. बायकांनी मामीला धरून बाहेर आणलं, तिच्या कपाळाला हळदकुंकू लावलं, कोणी तिची ओटी भरली. मी ओरडून सांगितलं की हा खोटं बोलतोय, हा वैशाखात लोणावळ्यात होता. एका म्हाताऱ्यानं माझा दंड धरून मला अंगणाबाहेर काढलं. घरात आनंद झालाय, तोंड सांभाळ, म्हणाला. दाबके दुपारीच निघून गेला. तो परत कधी आला नाही. त्याला वाटलं असेल, चार माणसांना सुख दिलं.

संध्याकाळी मी झऱ्यावर गेलो. मामी हंडा भरून ठेवून दगडावर बसली होती. मी तिला पुन्हा सगळं सांगितलं, फलाटावरचं, चिक्कीचं. तिनं मला शेवटपर्यंत बोलू दिलं.

"मला ठावं हाय, जानू. तितंच कळलं. ह्यो म्हनतो, गंगीला सांगा. त्यांनी कवा माजं नाव घेतलंय? अगं ऐकलं का, म्हनायचं. परक्या मानसापुढं बायकूचं नाव घेनारा गडी तू आपल्यात कवा बगितला?"

मग बोलली का नाहीस, मी चिडून विचारलं. तू बोलली असतीस तर ऐकलं असतं. अजून चल, मी पंचांना गोळा करतो.

"आन् काय सांगू? माजा दाल्ला मेलाय, त्यो जित्ता न्हाई, आसं मी माज्या तोंडानं सांगू?" तिनं हंडा डोक्यावर चढवला. "आता त्यो जित्ता झाला, बाबा. जित्या मानसाचं दहावं कोन घालनार?"

सोपान दोन दिवसांनी आला. मामाला म्हणाला, चांगलं झालं. अंगणात थोडा बसला, पाणी प्यायला, आत बघितलं नाही. संक्रांतीच्या पुढं त्यानं पौडाकडची बायको केली. त्याला तरी का नावं ठेवायची? पोरींना कोणीतरी हवंच होतं. लग्नाचं बोलावणं मामाकडं आलं, तेव्हा मामीनंच नवरीसाठी चोळीचा खण दिला.

पुढं ती चौदा वर्षं जगली. मामाच्या घरात राबली, त्याची पोरं वाढवली, कपाळाचं कुंकू एक दिवस चुकवलं नाही. पवनेचं धरण झालं, खालच्या वाड्या उठल्या, सोपान माणसं घेऊन कुठं गेला ते कळलं नाही. त्र्याहत्तर साली तापाचं निमित्त झालं आणि ती गेली.

मी पोचलो तेव्हा तिला हिरवं लुगडं नेसवलं होतं. हातभर हिरवा चुडा, कपाळभर कुंकू, भरलेली ओटी. नवऱ्यामागं राहायची वेळ आली नाही, सवाष्ण गेली, नशीब काढलं, असं बायका म्हणत होत्या आणि लेकीसुनांना पुढं करून तिच्या पाया पडायला लावत होत्या. मला त्या सगळ्यांचा इतका राग आला की मी लांब जाऊन बांधावर बसलो आणि रडलो.

कान्हूमामा काठी टेकत माझ्याजवळ आला. आता त्याला नीट दिसत नव्हतं. माझ्या खांद्यावर हात ठेवून उभा राहिला. "जानू, दादाला कळवाय पायजे रं. तू रेलवेतला हायेस. तार मलायाला जाती का?"

"जाते," मी म्हणालो.